जोंगाची चाल

इतिहास लिहिणाऱ्यांचा चाकांशी संबंध फार थोडा येतो. लढाई कोठे झाली, कोण कोणाशी फितूर झाला, तह कोणत्या अटींवर झाला, याचा शोध ते कसोशीने घेतात. परंतु माणसे, तोफा आणि दाणागोटा रणभूमीपर्यंत कशावर बसून पोचला, वाटेत कोठे रुतला आणि तो बाहेर कसा काढला, ही हकिकत जुन्या कागदांत एखाद्या ओळीत येते, आणि तीही बहुधा तक्रारीच्या रूपाने. या उपेक्षेकडे माझे लक्ष एका अगदी घरगुती प्रसंगाने वेधले. तो प्रसंग आधी सांगून मग मूळ विषयाकडे वळतो.

आम्ही जबलपुरात मदन महल भागात राहतो. गेल्या पावसाळ्यात, बाहेर संततधार लागली असताना, माझा दहा वर्षांचा मुलगा संगणकावर एक खेळ खेळत बसला होता. पडद्यावर चिखलाची वाट होती आणि तीतून एक चौचाकी गाडी धडपडत पुढे जात होती. त्याच वेळी शेजारचे काका छत्री झटकीत आत आले. काका व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले; तयार झालेल्या गाड्या चालवून पाहण्याचे काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले. ते खुर्ची ओढून मुलाच्या मागे बसले, दहा मिनिटे एक शब्द न बोलता पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बाळ, तुझे अंगठे आत आहेत. ते आधी बाहेर काढ."

मुलाने हातातला गेमपॅड दाखवून म्हटले, "काका, ही अंगठ्यांनीच तर चालवायची असते!"

काका मोठ्याने हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? आम्हाला पहिल्या दिवशी जे करू नका म्हणून शिकवलं, त्याच्यावरच यांची सारी गाडी चालते."

या बोलण्यातील मर्म कळण्यास काकांची गाडी काय होती, ती कोठून आली आणि कशी चालत असे, हे ठाऊक असावयास हवे. त्या गाडीचे नाव जोंगा. आपल्यापैकी जे सीमेलगतच्या जिल्ह्यांत किंवा लष्करी ठाण्यांच्या गावी नेमणुकीवर राहिले आहेत, त्यांनी ती पाहिली असेल, कित्येकांनी तीत बसून हाडे खिळखिळी करून घेतली असतील. मात्र ती जबलपूरची लेक आहे, इतकेच नव्हे तर तिच्या नावातच जबलपूर दडलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

वाईट वाटेवरून जड वस्तू नेणे हा प्रश्न आपल्याकडे मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, त्यास आपण धार्मिक अर्थ देतो व तो खराही आहे. परंतु त्यामागे चिखलाचे पंचांगही होते. आषाढ-श्रावणात दख्खनची काळी जमीन चाकाला धरून ठेवी. आश्विनात ती आटू लागली की तोफा हलत. तोफेच्या गाड्याला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. आख, तुंबा, आरे आणि धाव हे शब्द आपल्या शेतकऱ्याच्या गाडीचे, तेच तोफगाड्याचेही. आख मोडला की तोफ शत्रूची झाली, असेच समजावयाचे. जबलपूर अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले. म्हणजे सुमारे वीस वर्षे या भूमीवर मराठी गाड्यांची चाकेही फिरली आहेत. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, नागपूर त्याची राजधानी झाले आणि कचेऱ्यांच्या निमित्ताने मराठी माणूस पुन्हा जबलपुरात आला. आपण त्याच वाटेचे प्रवासी.

इंग्रजांनी १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी काढली. तिच्या नावाचा अर्थ शब्दशः तोफगाड्यांचा कारखाना असा आहे. हे नाव मला फार बोलके वाटते. त्या काळी तोफ ही एक वस्तू आणि तिचा गाडा ही दुसरी, अशी स्पष्ट विभागणी होती. तोफेची नळी ओतणे ही एक विद्या. ती नळी डोंगरदऱ्यांतून नेऊन, उडताना तिचा मागे बसणारा धक्का सोसून, पुन्हा जागेवर उभी राहील असा गाडा घडविणे ही दुसरी. जबलपूरच्या वाट्याला ही दुसरी विद्या आली. तेव्हापासून जड वस्तू आणि वाईट जमीन यांमध्ये मध्यस्थी करणे हाच या गावाचा धंदा झाला. आज तोच कारखाना १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ तयार करतो. तिची पहिली तुकडी एप्रिल २०१९ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाली.

आता क्षणभर जबलपूर सोडून सातासमुद्रांपलीकडे जावयास हवे, कारण जोंगाचे मूळ तेथे आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने आपल्या कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना बळ पोचणाऱ्या गाडीची मागणी केली आणि नमुना देण्यास ४९ दिवसांची मुदत घातली. बॅंटम या लहानशा कंपनीने तो त्या मुदतीत दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या बनविल्या. त्याच जीप होत. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली आणि तहसीलदारापासून कृषी अधिकाऱ्यापर्यंत साऱ्या सरकारी दौऱ्यांचे ते वाहन झाले.

जीपची दुसरी शाखा जपानात फुटली. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि जपानातील नव्या राखीव पोलिस दलाला गाड्या हव्या झाल्या. ते काम जीपच्याच धर्तीच्या गाडीला मिळाले. परंतु त्या चढाओढीतून टोयोटा आणि निसान यांनी आपापल्या गाड्या सिद्ध केल्या. टोयोटाची गाडी पुढे लॅण्ड क्रूझर म्हणून नावारूपास आली. निसानने १९५१ मध्ये आणलेली गाडी म्हणजे पॅट्रोल. १९६० मध्ये तिची नवी, अधिक थोराड आवृत्ती निघाली. हीच जोंगाची जननी.

भारतीय लष्कराला अशा गाडीची गरज का भासावी, याचे उत्तर १९६५ च्या युद्धात मिळते. त्या वर्षीच्या १० सप्टेंबरला खेमकरण भागात असल उत्तर येथे चौथ्या ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने शत्रूचे रणगाडे फोडले आणि त्याच ठिकाणी प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. या शौर्याच्या मागे यंत्रविद्येतील एक गोष्ट उभी आहे. साधी तोफ उडाली की मागे ढकलली जाते, म्हणून तिला भारी गाडा लागतो. ही तोफ तशी नव्हती. उडताना निघणारा काही वायू ती मागच्या बाजूने सोडून देई, त्यामुळे तिचा धक्का जवळजवळ नाहीसा होई. धक्का गेला तसे भारी गाड्याचे कामही गेले. तोफ एका हलक्या मोटारीवर बसली. शतकानुशतके बैलांनी ओढलेला तोफगाडा येथे आपल्या पायांनी धावू लागला. मात्र जीप लहान पडत होती. तोफ, तिचा दारूगोळा, माणसे आणि वर डोंगरी वाट, एवढे सोसणारी अंगापिंडाने मोठी गाडी हवी होती.

जबलपुरात त्याची तयारी आधीच झाली होती. १९५९ मध्ये जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या सहकार्याने गन कॅरेज फॅक्टरीत 'शक्तिमान' हा लष्करी ट्रक तयार होऊ लागला होता. परक्या कंपनीचे नाव अस्सल संस्कृत शब्दाच्या पोटात असे बेमालूम बसलेले दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. तेथे शक्तिमान, निसानचा एक टनी ट्रक आणि निसान पॅट्रोलवरून घेतलेली ही तिसरी गाडी तयार होऊ लागली. तिला नाव देताना कोणी कवी बोलाविला नाही. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या कचेरी-थाटाच्या शब्दांतून एकेक अक्षर उचलले आणि जोंगा हा शब्द झाला. त्यातला 'न' हा 'अँड' मधून आला आहे, म्हणजे 'आणि' या अव्ययालाही या नावात जागा मिळाली. शब्दकोशात नसलेला हा शब्द थोड्याच वर्षांत लडाखपासून ईशान्य सीमेपर्यंत ड्रायव्हरांच्या तोंडी रुळला. १९०४ चा तोफगाडा त्यातल्या 'ग' मध्ये अजून उभा आहे.

गाडीची घडण समजावून घेण्यास अभियंता असण्याची गरज नाही. खाली शिडीसारखी लोखंडी चौकट. तिच्यावर पत्र्याचे अंग. पुढे आणि मागे अखंड आख. एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप तिरपे होणार. आखांवर पोलादी पाटे. पुढे सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. ते जोमदार खरे, पण तितकेच खादाड. जीपचे इंजिन सव्वादोन लिटरच्या आतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोघींच्या प्रकृतीतील फरक कळेल. पाट्यांविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. एकावर एक ठेवलेल्या या पट्ट्या नुसत्या वाकत नाहीत. वाकताना त्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात धक्क्याचा काही भाग जिरून जातो. म्हणून पाट्यांची गाडी रिकामी असता आदळते आणि भरली की शांत होते. रिकाम्या जोंगात बसून जिने दौरा केला, ती पाठ याची साक्ष देईल.

चारही चाकांना बळ पोचविण्याची व्यवस्था हा या घडणीचा गाभा. एरवी मागचीच चाके गाडी ढकलीत. चिखल, वाळू किंवा चढ आला की ड्रायव्हर एक दांडा ओढून पुढची चाकेही जोडीत असे. जोडीला अगदी मंद चालीचे, परंतु प्रचंड ओढीचे गिअर असत. ही जोडणी पक्क्या सडकेवर ठेवावयाची नाही, असा दंडक होता. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मऊ जमिनीवर ती थोडी घसरून हा फरक मिटवितात; डांबरावर घसरण्यास वाव नसतो, मग सारा ताण दांड्यांत आणि दात्यांत साठतो. शिवाय डिफरन्शियलची एक खोड आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावे म्हणून ते केलेले. पण एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की ते सारी फिरत त्याच्याच पदरात टाकते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. आपल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यासच आणखी काम मिळते. डिफरन्शियलचा न्याय याच्या उलट आहे.

उरला तोलाचा विचार. तो मदन महलच्या रहिवाशास कोणी शिकवावा लागत नाही. गोंड राजांच्या या छोट्या गढीच्या टेकडीवर ग्रॅनाइटचे अजस्र गोटे पसरले आहेत आणि त्यांतच ती प्रसिद्ध तोललेली शिळा आहे. एका खडकावर दुसरा प्रचंड खडक अगदी थोड्या जागेवर टेकला आहे. पाहणाऱ्याला वाटते, हात लावला तर पडेल. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात मोठा भूकंप झाला, घरे कोसळली, माणसे दगावली. ती शिळा हलली नाही. तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तिच्या टेकण्याच्या जागेतच पडतो, हे त्याचे कारण. गाडीचेही तेच. उतारावर तिरपी झालेली गाडी किती भयंकर दिसते याला महत्त्व नाही. ओळंबा खालच्या बाजूच्या चाकांच्या आत पडतो तोवर ती उलटत नाही. पण मागे उंचावर तोफ बसविली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि काल सुखरूप वाटलेला उतार आज घातकी होतो. जमिनीपासून उंच असल्याखेरीज गाडी दगड ओलांडीत नाही, आणि उंच झाली की तोल जातो. साऱ्या डोंगरी गाड्यांची घडण म्हणजे या दोन गरजांमधला तह आहे.

येथवर जे सांगितले ते कागदावर सापडते. चालविण्याची कला मात्र काकांच्या तोंडूनच ऐकावी लागली. त्या दिवसानंतर मी चार-सहा संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते सांगत होते: चिखलात शिरल्यावर पुढची चाके जोडणारा नवशिका, जाणता मनुष्य चिखल दिसताच, कोरड्या जमिनीवर जोडून घेतो. नर्मदेकाठच्या वाळूत टायरमधली हवा थोडी काढावयाची, म्हणजे टायर पसरते आणि वाळूवर तरंगते. काळ्या जमिनीत उलट; तेथे माती टायरच्या खाचांत भरली की नक्षीचे चाक गुळगुळीत होते, तेव्हा गाडी थांबू न देता एकाच मंद चालीने काढावयाची. इंजिन ओरडू लागले की समजावे, चाके आता पुढे जात नाहीत, खाली जात आहेत. तीव्र उतारावर ब्रेकवर पाय नाही. मंद गिअर घालून इंजिनालाच गाडी धरू द्यावी.

आणि अंगठे? जोंगाच्या सुकाणूला आजच्या मोटारीसारखे यंत्राचे साह्य नव्हते. पुढचे चाक खाचेत किंवा दगडावर आपटले की तो तडाखा उलट वर येई आणि सुकाणूचे चक्र हातात गर्रकन फिरे. त्या वेळी अंगठा चक्राच्या आत, आऱ्याच्या वाटेत असेल तर आरा त्याच्यावर आदळतो. अंगठा निखळतो किंवा मोडतो. म्हणून शिकविण्याचा पहिला धडा हा की, चक्र बोटांनी आणि तळव्याने धरावे, अंगठे कडेवर बाहेर ठेवावेत. काकांनी आपला उजवा अंगठा मला दाखविला. तो पूर्ण वाकत नाही. "हा माझा जोंगाचा दाखला," ते म्हणाले. "बाकीचे कागद घर बदलताना गेले."

आता मुलाच्या खेळाकडे परत येऊ. पोरखेळ म्हणून त्यास झटकून टाकण्याचा माझाही विचार होता, पण थोडे वाचल्यावर तो बदलला. या खेळांनाही आता चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९८२ मध्ये जपानच्या आयरेम कंपनीने 'मून पॅट्रोल' हा खेळ काढला. त्यात खड्ड्यांनी भरलेल्या चंद्रभूमीवरून एक गाडी उड्या मारीत जाते. तिला चाके होती, परंतु वजन नव्हते. २००१ मध्ये 'हेलो' या अमेरिकन खेळात 'वॉर्टहॉग' नावाची गाडी आली: पुढे चालक, शेजारी एक सैनिक, मागे उभे राहून तोफ चालविणारा तिसरा. म्हणजे असल उत्तरच्या जीपचाच नमुना, केवळ परग्रहावर नेलेला. ती घसरते, उसळते, उलटते. आणि उलटली की खेळाडू एकट्याने तिला हातांनी सरळ उभी करतो. खऱ्या सैनिकांनी हे पाहून काय म्हणावे? २०१४ मध्ये 'स्पिनटायर्स' हा खेळ निघाला आणि त्याच परंपरेत २०१७ मध्ये 'मडरनर', २०२० मध्ये 'स्नोरनर'. यांत शत्रू नाही, तोफ नाही. शत्रू एकच, चिखल. चाकाखाली तो दबतो, त्यात चाकोरी पडते, मागून येणाऱ्याला ती भोवते. मंद गिअर घालावा लागतो, डिफरन्शियल बांधून टाकावे लागते, झाडाला दोर बांधून गाडी ओढून काढावी लागते, आणि इंधन संपले की खेळ तेथेच अडतो.

हे घडते कसे? अशा खेळांची साधी रीत म्हणजे प्रत्येक चाकाच्या जागी खाली एक अदृश्य रेषा सोडावयाची, ती जमिनीला कोठे टेकते ते मोजावयाचे, आणि तेवढ्या दाबाची स्प्रिंग तेथे आहे असे धरून गाडीला वर ढकलावयाचे. स्प्रिंगचा ताठपणा हा एक आकडा, धक्का जिरविण्याची शक्ती हा दुसरा, जमिनीची पकड हा तिसरा. हे गणित सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने मांडले जाते. जोंगाचे ते एकमेकींवर घासणारे पाटे येथे दोन आकड्यांत मावतात. चिखलाच्या खेळांत याला जमिनीच्या रुतण्याचे गणितही जोडतात. काकांनी मुलाचा खेळ आणखी दोन-तीन वेळा पाहिला आणि निकाल दिला: "गाडी रुततेय बरोबर. इंजिनाचा आवाजही बरोबर पडतो. पण हिला भीती नाही." गेमपॅड हातात थरथरतो, हे त्यांना मुलाने दाखविले. त्यांनी तो क्षणभर धरून पाहिला आणि परत दिला.

काकांच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खेळात अंगठा मोडत नाही, म्हणून तो अपुरा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या कागदांत माझे दिवस जातात त्यांत तरी काय असते? सरकारी गाडीचे लॉगबुक मी पुष्कळ पाहिले आहे. किती किलोमीटर, किती लिटर, कोणत्या कामासाठी, कोणाची सही. गाडी म्हातारी झाली की निर्लेखनाचा प्रस्ताव, लिलाव, आणि नोंद बंद. गाडी कशी चालत होती यासाठी त्यात रकाना नाही. आकडे कागदावरही आहेत आणि खेळातही. भेद एवढाच की कागदावरचे आकडे निजलेले असतात आणि खेळातले उठून चालू लागतात. चालीची नोंद ठेवण्याचा, अपुरा का होईना, प्रयत्न करणारी ही पहिलीच बखर आहे. ती पोरांसाठी लिहिली गेली, हा तिचा दोष नव्हे.

मग या बखरीत कोणाची नोंद झाली? 'मडरनर'मध्ये 'ए-४६९' नावाची एक लहान गाडी आहे. ती म्हणजे १९७२ पासून तयार होऊ लागलेली सोव्हिएत लष्कराची उआझ-४६९, हे जाणकार पाहताक्षणी ओळखतात. आपल्याकडे २०२१ मध्ये आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळात तर उआझ आपल्या नावानिशी आहे. भारतातली असंख्य मुले ती रोज चालवितात. उआझ आणि जोंगा एकाच पिढीच्या. दोघींनी आपापल्या देशाचे सैनिक बर्फातून आणि चिखलातून वाहिले. एकीची चाल जगभरच्या मुलांच्या अंगठ्यांना ठाऊक आहे. दुसरीचे नाव तिच्या जन्मगावी, कारखान्यापासून काही मैलांवर राहणाऱ्या माझ्या मुलाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. या गोष्टीचा मला खेद वाटला, आणि खेदापेक्षा लाज अधिक वाटली, कारण मलाही नावापलीकडे फारसे काही माहीत नव्हते.

जोंगाची निर्मिती १९९९ मध्ये थांबली. मधल्या काळात डिझेल इंजिन बसवून नागरिकांना विकण्याचा प्रयत्न झाला, तो फळाला आला नाही. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीने लष्करात तिची बरीचशी जागा घेतली. ती जोंगापेक्षा कितीतरी हलकी आणि मितभोजी. इतिहासाने हलक्या गाडीच्या बाजूने कौल दिला आणि तो योग्यच होता. चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाचे पोट भरणे सोपे नव्हे. लिलावात गेलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीने अशी एक गाडी घेतली, तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत तिचे नाव झळकले. पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले. देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्या वाटणीत जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी एका कंपनीकडे आणि गन कॅरेज फॅक्टरी दुसरीकडे गेली. ज्या दोन कारखान्यांच्या परंपरेतून जोंगा हा एक शब्द जुळला, ते आज दोन वेगळ्या घरांत नांदत आहेत.

पोलाद टिकते. एखाद्या संग्रहालयात, एखाद्या छावणीच्या दारात रंग दिलेली जोंगा उभी राहीलही. परंतु उभी गाडी म्हणजे अर्धीच गाडी. चिखल दिसताच दांडा कोणत्या क्षणी ओढावयाचा, काळ्या मातीत इंजिनाचा कोणता सूर धोक्याचा, अंगठे कोठे ठेवावयाचे, हे ज्यांच्या हातापायांत साठले आहे ती माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याबरोबर ते जाणार. पानिपतास जाणाऱ्या तोफांचे गाडे बैलांच्या मागे बसून ज्यांनी हाकले, त्यांच्या हातातले कसब आपल्याला असेच कायमचे पारखे झाले आहे. कोणत्या जमिनीवर किती जोड्या जुंपाव्या, उतारावर गाडा मागून कसा धरावा, हे कोणी विचारले नाही म्हणून कोणी सांगितले नाही.

आपण नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांत विखुरलेलो आहोत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आसपास असा एखादा निवृत्त ड्रायव्हर, फिटर किंवा तपासनीस राहत असेल. त्यास विचारावे आणि तो सांगेल ते लिहून ठेवावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही की अनुदान लागत नाही. एक वही पुरते. उद्या कोणी भारतीय मुलांसाठी चिखलाचा खेळ करू लागला, तर त्याला जोंगाचे आकडे मिळतील, पण आकड्यांमागची चाल अशा वह्यांतूनच मिळेल.

मी सुरुवात केली आहे. काका सांगतात, मी लिहितो आणि मुलगा मध्येच प्रश्न विचारतो. मी न विचारलेले प्रश्न तोच विचारतो, असा माझा अनुभव आहे. परवा त्याने विचारले, "काका, अंगठा मोडला तेव्हा तुम्ही गाडी थांबवलीत का?"

काका म्हणाले, "नाही रे. थांबवली असती तर रुतली असती."

ते वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे.